जलपर्णी हाताने काढताना: मुंबईतील नवख्या स्वयंसेवकांसाठी

तलावावर जलपर्णी पसरली की परिसरातील काही माणसे एकत्र येतात, एखाद्या रविवारी काठावर उभी राहून हाताला लागेल तेवढी ओढून काढतात, तिथेच ढीग रचतात आणि समाधानाने घरी परततात. पुढे तो ढीग पावसात घरंगळून पाण्यात जातो, मागे राहिलेले तुकडे वाढतात आणि दोन-तीन महिन्यांत पाणी पुन्हा झाकले जाते. इतक्या लोकांचे कष्ट असे वाया जाताना पाहणे फार वाईट वाटते, कारण हाताने जलपर्णी काढण्याची पद्धत मुळात चांगली आहे. तिला मर्यादा आहेत, तिचा क्रम ठरलेला आहे आणि तिला चिकाटी लागते. छोटा भाग निवडून तो पूर्ण साफ करावा आणि तिथे ठरावीक दिवसांनी परत जावे, हे या कामाचे मुख्य सूत्र आहे. पुढील सर्व सूचना त्याच्याच आधाराने दिल्या आहेत.

कोणता तलाव हाताच्या आवाक्यातला आहे

दाट वाढलेल्या जलपर्णीच्या एका चौरस मीटर थराचे ओले वजन साधारण २० ते ४० किलो भरते. म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढ्या तुकड्यातच दोन ते चार टन ओझे असते. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये हे आपोआप ठरते. पवई तलावाचेच पाहा. हा तलाव १८९० साली बांधला गेला आणि पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे २.२३ चौरस किलोमीटर पसरते. एवढ्या विस्तारावरची जलपर्णी माणसांच्या हाताने हटणार नाही. तिथे यंत्रे आणि महानगरपालिकेचे कंत्राटी मनुष्यबळ यांचेच काम आहे. शिवाय पवईत मगरींचे वास्तव्य असल्यामुळे स्वयंसेवकांनी त्या पाण्यात पाऊल टाकणे सर्वस्वी चुकीचे आहे. पवईच्या परिसरात राहणाऱ्यांना हातभार लावायचाच असेल, तर त्यांनी काठावरच्या निरीक्षणाचे, नोंदींचे आणि तलावात सांडपाणी सोडणाऱ्या ठिकाणांचा पाठपुरावा करण्याचे काम अंगावर घ्यावे. ते कमी मोलाचे नाही. विहार आणि तुळशी हे तर पिण्याच्या पाण्याचे तलाव असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. तिथे अशा उपक्रमासाठी जाण्याचा विचारही करू नये.

नवख्या गटासाठी योग्य जागा म्हणजे वस्तीतला लहान, उथळ, काठ पक्का असलेला आणि चारी बाजूंनी जाता येईल असा तलाव. मुंबईत कुर्ल्यापासून चारकोपपर्यंत असे अनेक तलाव आहेत. त्यांपैकी आपल्या घराजवळचा तलाव घ्यावा, कारण या कामात वारंवार जावे लागते आणि दोन गाड्या बदलून जावे लागणाऱ्या ठिकाणचा उत्साह चौथ्या फेरीला मावळतो. तलाव मध्यम आकाराचा असेल, तर तो सगळा घेण्याऐवजी एखादा कोपरा किंवा विसर्जन घाटालगतचा पट्टा घ्यावा.

आधी ओळख, मग हात

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील वनस्पती असून शोभेचे झाड म्हणून ती जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमार्गे भारतात शिरली. तिची पाने गोलसर, जाड आणि चकचकीत असतात, देठ मध्ये फुगलेला आणि आतून पोकळ कप्प्यांचा असतो आणि पाण्याखाली काळपट जांभळ्या मुळांचा झुबका लोंबत असतो. फुले फिकट जांभळी असून वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. दोन रोपांच्या मधे पाण्याच्या पातळीवर आडवा धावणारा जाड दांडा असतो. त्याच दांड्याच्या टोकाला नवे रोप फुटते आणि जलपर्णीच्या वेगाने पसरण्याचे हे प्रमुख कारण आहे. मुळांची लांबी जरूर पाहावी. पाण्यात सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद भरपूर असेल, तर मुळे आखूड राहतात आणि पाने भरघोस वाढतात. पाणी तुलनेने स्वच्छ असेल, तर मुळे अन्न शोधत लांब जातात. पहिल्याच रोपावरून तलावाच्या तब्येतीचा अंदाज येतो.

तिच्या जोडीला मुंबईच्या पाण्यात आणखी काही वनस्पती दिसू शकतात. पिस्टिया म्हणजे गोंडाळ ही पाण्यावर तरंगणारी, मऊ लव असलेल्या फिकट हिरव्या पानांची वनस्पती आहे. साल्व्हिनिया हे मूळचे ब्राझीलचे तरंगते नेचे आहे. त्याची लहान, घडी पडलेली पाने दाटीने एकमेकांत अडकलेली असतात. काठाशी अ‍ॅलिगेटर वीड नावाची, पोकळ खोडाची आणि पांढऱ्या गोंडेदार फुलांची वनस्पती पाण्यावर सरकत जाते. तिच्या खोडाचा पेर असलेला प्रत्येक तुकडा नवे झाड होतो.

जे राहू द्यायचे ते ओळखणे मात्र अधिक महत्त्वाचे आहे, आणि इथे नवख्यांकडून सर्वाधिक नुकसान होते. कमळ, कुमुद, शिंगाडा, पाण्याखाली वाढणारी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, काठावरचे पाणकणीस आणि लव्हाळे या आपल्याकडच्या वनस्पती आहेत. माशांची पिल्ले त्यांच्या आडोशाने वाढतात, पक्षी त्यांत घरटी करतात आणि त्यांची मुळे काठ धरून ठेवतात. ‘तलाव साफ करायचा’ या भरात सगळेच उपटले तर पाणी उघडे पडते आणि त्या मोकळ्या जागेत जलपर्णीच आधी शिरते. पाणकणीस फार वाढून पाण्याचा मार्ग अडवत असेल, तर त्याचा निर्णय वेगळा आणि जाणकाराला विचारून घ्यावा. पहिल्या भेटीत कोणीही काहीही काढू नये. वनस्पतिशास्त्राचा एखादा प्राध्यापक किंवा अभ्यासू निसर्गप्रेमी सोबत घेऊन काठाने फिरावे, छायाचित्रे काढावीत आणि गटातील प्रत्येकाला निदान जलपर्णी, गोंडाळ आणि कुमुद यांतील फरक हाताने दाखवावा.

परवानगी आणि गाडी

शहरातील बहुतेक तलाव महानगरपालिकेच्या ताब्यात आहेत, काही वन विभागाच्या, आरे प्रशासनाच्या किंवा देवस्थानांच्या अखत्यारीत आहेत. त्या त्या विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. अर्जात तारखा, वेळ, माणसांची संख्या, कोणती वनस्पती काढणार आणि काढलेला माल कुठे ठेवणार हे स्पष्ट लिहावे. याच अर्जात माल वाहून नेण्यासाठी गाडीची मागणी करावी. हा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही. परवानगी मिळते, माणसे येतात, दोन टन जलपर्णी काठावर येते आणि ती उचलायला कोणीच नसते. गाडीची तारीख निश्चित झाल्याशिवाय कामाची तारीख जाहीर करू नये, असा माझा आग्रह आहे. तलावात मासेमारीचा ठेका असेल किंवा एखादा समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत असेल, तर त्यांना आधी भेटावे. खोल पाणी कुठे आहे, गाळ कुठे पाय धरतो, वारा कोणत्या बाजूला ढकलतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वर्षातील योग्य काळ

जलपर्णीची वाढ २५ ते ३० अंश तापमानात सर्वांत जोमाने होते, म्हणजे मुंबईत जवळपास वर्षभर तिला अनुकूल हवामान असते. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तिचा वेग थोडा मंदावतो, पाण्याची पातळी उतरू लागलेली असते, काठ कोरडे होतात आणि माणसांनाही काम सोसते. त्यामुळे दिवाळीनंतर तयारी करून मोठे काम हिवाळ्यात उरकावे आणि मार्च ते मे या महिन्यांत फक्त राहिलेली रोपे वेचावीत. उन्हाळ्यात पाणी आटून काही जलपर्णी गाळावर उघडी पडते. ती उचलायला सोपी असते, म्हणून ती संधी सोडू नये.

पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरून काम करू नये. जून ते सप्टेंबर हा कमळपक्ष्यांचा वीणीचा काळ आहे आणि ते तरंगत्या वनस्पतींवरच अंडी घालतात. त्यातच पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढलेला असतो. हिवाळ्यातही थर ओढण्याआधी त्यावर पाणकोंबडीचे घरटे नाही ना, हे लांबून दुर्बिणीने पाहून घ्यावे आणि घरटे दिसल्यास तो भाग सोडून द्यावा.

साहित्य

साहित्य साधे आहे आणि बरेचसे भाड्याने किंवा उसने मिळते. लांब दांड्याची दाताळी, टोकाला लोखंडी आकडा बसवलेले बांबू, थर कापण्यासाठी लांब मुठीचा कोयता किंवा विळा, नायलॉनचा दोर, जुनी मासेमारीची जाळी, घमेली, गोणपाट आणि दोन-तीन मोठ्या ताडपत्र्या एवढ्यावर काम भागते. साल्व्हिनियासाठी बारीक भोकांची जाळी किंवा दांडा लावलेली चाळण लागते, कारण तिचे तुकडे दाताळ्यातून निसटतात. प्रत्येकाला जाड रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. पाण्याच्या कडेला उभे राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, मग पाणी गुडघाभर का असेना.

माणसांची काळजी

मुंबईच्या तलावांचा तळ भरवशाचा नसतो. विसर्जित मूर्तींच्या सांगाड्यांतील लोखंडी सळ्या आणि लाकडी फळ्या, फुटलेल्या बाटल्या, तारा, नारळ हे सारे गाळात रुतलेले असते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून अनवाणी किंवा चपला घालून कोणीही उतरू नये. नवख्या गटाने काठावरून किंवा घाटाच्या पायऱ्यांवरूनच काम करावे. उतरावेच लागले तर गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे जाऊ नये आणि आधी बांबूने तळ चाचपून मगच पुढचे पाऊल टाकावे. दाट थराखाली पाणी किती खोल आहे याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. त्या हिरव्या पृष्ठावर माणसाचे वजन पेलेल असे लहान मुलांना वाटू शकते, म्हणून मुलांना पाण्यापासून दूर, नोंदी आणि वर्गीकरणाच्या कामावर ठेवावे.

हातापायाला जखम किंवा चीर असलेल्या व्यक्तीला त्या दिवशी पाण्याचे काम देऊ नये. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जाऊन आपण तलावात काम केल्याचे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे. मनाने औषध घेऊ नये.

जलपर्णीच्या मुळांत दिवड हा बिनविषारी साप अनेकदा आढळतो, तर काठावरच्या सुक्या ढिगाखाली घोणसही असू शकते. म्हणून हात घालण्याआधी दाताळ्याने थर हलवावा आणि जुना ढीग उचलताना तो समोरून, काठीने उलथावा. साप किंवा अन्य वन्यजीव अडकलेला दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसाला अपघात झाल्यास ११२ किंवा महापालिकेच्या आपत्कालीन १९१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. हे क्रमांक कामाच्या जागी कागदावर लिहून लावावेत, कारण ओल्या हातांनी मोबाइलमध्ये शोधत बसण्याची ती वेळ नसते.

वाऱ्याला कामाला लावणे

तरंगती जलपर्णी एका जागी थांबत नाही. सकाळी साफ केलेला कोपरा संध्याकाळी पुन्हा भरलेला दिसला की नवख्या गटाचा धीर सुटतो. यावर उपाय आहे. हिवाळ्यात मुंबईत सकाळी जमिनीकडून, साधारण ईशान्येकडून मंद वारा येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा जोर धरतो. त्यामुळे सुटी जलपर्णी दुपारी तलावाच्या पूर्व किंवा आग्नेय काठाला जाऊन साचते. चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन आपल्या तलावात हे नेमके कसे घडते ते पाहावे, कारण आजूबाजूच्या इमारतींमुळे वारा वळतो.

मग आदल्या दिवशी संध्याकाळी, वाऱ्याने सगळा माल एका बाजूला लोटलेला असताना, त्याच्या पुढे आडवण घालावी. आडवण म्हणजे टोकाला टोक बांधलेले बांबू, त्यांना तरंगत ठेवण्यासाठी झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन आणि बांबूपासून खाली सुमारे दीड फूट लोंबणारी जुनी जाळी. जाळी एवढी खाली हवी, नाहीतर मुळांसकट रोपे बांबूखालून सरकतात. जाळीची खालची कड तळाला टेकू देऊ नये, म्हणजे मासे आणि कासवे तिच्याखालून ये-जा करू शकतील. दोन्ही टोके काठावरच्या झाडाला किंवा रोवलेल्या खुंट्याला बांधावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उलटा झाला तरी माल आत अडकलेला राहतो आणि निवांतपणे काढता येतो. आत किती जलपर्णी अडवायची हे गाडीत मावेल तेवढ्यावरून ठरवावे.

तलावाला नाला मिळत असेल, तर त्या मुखाशीही एक आडवण लागते. वरच्या बाजूने दररोज नवी रोपे येत असताना खालची बाजू साफ करत राहिल्यास कामाला अंत राहत नाही.

प्रत्यक्ष काढण्याची रीत

सर्वांत आधी फुलोरे काढावेत. जलपर्णीचे फूल कोमेजले की त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि बोंडातून बिया तळाशी पडतात. गाळात त्या पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. पुढच्या कित्येक वर्षांचे काम त्या एका वाकलेल्या दांड्यात साठलेले असते. म्हणून फुलोरे आणि वाळत आलेली बोंडे देठासकट कापून वेगळ्या गोणीत भरावीत. ती गोणी बाकीच्या मालात मिसळू नये.

त्यानंतर मुख्य थराकडे न जाता मोकळ्या पाण्यात सुटी फिरणारी रोपे आकड्याने जवळ ओढावीत. संख्येने ती थोडी असतात आणि नवे थर त्यांच्यापासूनच तयार होतात. ती संपली की थराच्या मोकळ्या पाण्याकडच्या कडेपासून सुरुवात करून त्याचे सुमारे दोन-दोन मीटरचे तुकडे कोयत्याने पाडावेत, प्रत्येक तुकड्याला दोर अडकवून तो काठाशी ओढावा आणि तिथे हाताने रोपे उचलावीत. काठाकडून आत घुसत गेल्यास रोपे पायाखाली तुटतात, गाळ ढवळला जातो आणि तुकडे मागच्या बाजूने निसटतात.

रोप उचलताना पान धरून कधीही ओढू नये. पान हातात येते आणि गड्डा पाण्यात राहतो. त्याच गड्ड्यातून पुन्हा पालवी फुटते. हात पानांच्या खाली, सर्व देठ जिथे एकत्र येतात त्या ठिकाणी घालावा आणि मुळांसह रोप सरळ वर उचलावे. त्याच्याशी आडव्या दांड्याने जोडलेली पिल्ले असतील, तर दांडा न तोडता ती साखळी एकत्रच बाहेर घ्यावी. बाहेर काढण्याआधी मुळांचा झुबका पाण्यातच दोन-तीनदा हलकेच हलवावा. त्यात लहान मासे, कोळंबी, गोगलगायी आणि बेडकांची पिल्ले असतात. उरलेली पाण्याने भरलेल्या घमेल्यात झटकून काही वेळाने मोकळ्या पाण्यात सोडावीत. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या याच मुळांत टोचून श्वास घेतात. रोप पाण्याबाहेर येऊन वाळले की त्याही संपतात. तलावाकाठच्या रहिवाशांना या कामात सामील करून घेताना हे अवश्य सांगावे.

अ‍ॅलिगेटर वीड हाताने काढणे जोखमीचे आहे. पाण्यावर तरंगणारा भाग काढताना त्याच्या सभोवती बारीक जाळीचे कडे घालावे, काठावरचा भाग मुळांसकट खणून काढावा आणि सगळे तुकडे, अगदी बोटभर लांबीचेही, बंद गोणीत भरावेत. तेवढी माणसे आणि वेळ नसेल, तर त्याला हात न लावणे बरे, कारण अर्धवट उपटलेले अ‍ॅलिगेटर वीड आधीपेक्षा जास्त जागी पसरते.

आणखी एक गोष्ट संयमाची आहे. सांडपाण्याने समृद्ध झालेल्या तलावातील सगळी जलपर्णी एका दमात काढली, तर आतापर्यंत ती घेत असलेले नत्र आणि स्फुरद पाण्यातच राहते, ऊन थेट पाण्यावर पडते आणि सूक्ष्म शेवाळ झपाट्याने वाढून पाणी हिरवे, वासाचे होते. म्हणून एका हंगामात टप्प्याटप्प्याने, आधी एक तृतीयांश, मग पुढचा भाग, असे काढावे आणि दरम्यान पाण्याचा रंग व माशांची हालचाल पाहत राहावे. पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजून काम काही दिवस थांबवावे. जलपर्णी मारण्यासाठी तणनाशक फवारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ठामपणे नाकारावा. मेलेला थर बुडून तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू खातो आणि त्यातले सगळे पोषक द्रव्य तलावातच परत जाते. हाताने काढण्याचा मोठा फायदा हाच की ते द्रव्य रोपाबरोबर तलावाबाहेर जाते. मात्र ढीग काठावर पडून राहिला, तर हा फायदा उरत नाही.

काठावर आल्यानंतर

ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. ओला माल थेट गाडीत भरणे म्हणजे पाणी वाहून नेणे होय. पाण्याच्या सर्वोच्च पातळीपासून वरच्या अंगाला, घरंगळून परत जाणार नाही अशा सपाट जागी ताडपत्री पसरून त्यावर माल पातळ थरात टाकावा आणि दोन-तीन दिवस उन्हात निथळू द्यावा. हिवाळ्याच्या उन्हातही वजन चांगलेच उतरते. जागा नसेल, तर निदान एक रात्र निथळल्याशिवाय गाडी भरू नये. माल नेताना गाडीवर ताडपत्री बांधावी. वाटेत नाल्यात पडलेले एक रोप दुसऱ्या जलाशयापर्यंत पोहोचू शकते.

त्याचे खत करता येते. निथळलेली जलपर्णी कोयत्याने बारीक करून, तिच्यात सुका पालापाचोळा आणि थोडे शेण किंवा तयार कंपोस्ट मिसळून किमान एक मीटर उंचीचा ढीग रचावा. ढिगाचा मधला भाग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापला पाहिजे, कारण बिया आणि गड्डे त्या उष्णतेनेच निकामी होतात. दर आठवड्याला ढीग खालवर करावा, म्हणजे बाहेरचा भागही आत जाऊन तापतो. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. वेगळे ठेवलेले फुलोरे मात्र या ढिगात घालू नयेत. ते पाण्यापासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरावेत.

या खताचा वापर कुठे करायचा, याबाबत मला तडजोड मान्य नाही. जलपर्णी पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू शोषून घेते आणि शहरी तलावांत सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळलेले असू शकते. म्हणून प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय हे खत भाजीपाल्याला, फळझाडांना किंवा गच्चीवरील परसबागेला वापरू नये. रस्त्याकडेच्या सावलीच्या झाडांना आणि शोभेच्या रोपांना ते चालते. याच कारणाने तबेल्यांतील गुरांना जलपर्णी चारा म्हणून देऊ नये. वाळलेला माल जाळणे तर पूर्णपणे टाळावे. देठांपासून टोपल्या आणि दोरही होतात, पण त्यासाठी लांब, जून देठांची निवड, वाळवण आणि प्रशिक्षित हात लागतात. पहिल्या वर्षी त्यामागे लागण्याची गरज नाही.

दिवसाच्या शेवटी दाताळी, जाळी, दोर आणि गमबुटांचे तळवे तिथेच घासून, त्यांत अडकलेला प्रत्येक तुकडा काढून मगच साहित्य उचलावे आणि ते उन्हात खडखडीत वाळवावे. एका तलावाची जाळी तशीच ओली दुसऱ्या तलावावर नेल्यास आपणच जलपर्णीचे वाहक ठरतो.

पुन्हा जाण्याचे वेळापत्रक

पोषक पाण्यात जलपर्णीची संख्या दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने मागे राहिलेल्या एका रोपाची वीस आठवड्यांत हजाराहून अधिक रोपे होतात. मोठी मोहीम संपल्यावरच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला आणि नंतर दर पंधरवड्याला दोन-तीन जणांनी काठाने चक्कर मारावी, ती यासाठीच. त्या चकरेत आकड्याचा बांबू आणि एक गोणी एवढेच लागते आणि दिसलेले प्रत्येक रोप त्याच वेळी उचलायचे असते. पायऱ्यांच्या कपारी, पाणकणसाची बुडे, विसर्जनाच्या तराफ्यांची खालची बाजू आणि नाल्याचे मुख या जागा विसरू नयेत. ठरावीक ठिकाणी उभे राहून दर वेळी एकाच दिशेने छायाचित्र घ्यावे आणि किती गोण्या निघाल्या ते वहीत लिहावे. नाल्याच्या मुखाशी सतत जास्त माल मिळत असेल किंवा एखाद्या ठिकाणी पाणी काळे आणि फेसाळ दिसत असेल, तर तारीखवार छायाचित्रांसह विभाग कार्यालयाकडे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. सांडपाणी बंद झाल्याशिवाय जलपर्णीची भूक भागत राहणार आणि आपल्या चकरा थांबणार नाहीत. त्यामुळे हा पाठपुरावा म्हणजे याच कामाचा भाग आहे.

मेच्या अखेरीस एक शेवटची, सावकाश फेरी करावी. पाणी ओसरलेल्या ओल्या गाळावर बियांतून उगवलेली नखाएवढी रोपे दिसतात. त्यांची पाने सुरुवातीला अरुंद असतात आणि देठ फुगलेला नसतो, म्हणून ती चटकन ओळखू येत नाहीत. ती बोटांनी मुळासकट काढावीत. त्याच दिवशी दोन्ही आडवणी सोडवून, धुऊन, वाळवून कोरड्या जागी ठेवाव्यात. पहिल्या जोरदार पावसात नाल्यातून येणारा कचरा त्यांत अडकला, तर पाणी तुंबून शेजारच्या वस्तीत शिरू शकते आणि आडवण तुटून सांडव्यात अडकण्याचाही धोका असतो. पाऊस ओसरला, पक्ष्यांची पिल्ले उडून गेली आणि काठ पुन्हा पाय ठेवण्याजोगा झाला, की ऑक्टोबरात नव्या परवानगीचा अर्ज द्यावा.